पॅकेटवरचा दोन नंबरचा शिक्का

माझी आई गावात सगळ्यांना सांगायची की आमची पोरगी भंडाऱ्याला एका कर्नलच्या हाताखाली आहे. चूक माझीच होती. एका रविवारी जेवताना वडिलांनी विचारलं, "तू नेमकं का करतेस तिथं?" तेव्हा मी म्हटलं होतं, "कर्नलमध्ये काम करते." पुढचं समजावून सांगेपर्यंत आई शेजारी निघून गेली होती. नंतर ते दुरुस्त करायचं राहूनच गेलं. खरं सांगायचं तर कर्नल म्हणजे काय, हे त्या दिवसांत मलाही नीट सांगता आलं नसतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी नागपूरला गणितात एम.एस्सी. करून वर्षभराचा कॉम्प्युटरचा कोर्स केला होता आणि तिथल्याच एका लहान कंपनीत लागले होते. वैनगंगेवर मोठं धरण व्हायचं होतं. त्याच्या भंडाऱ्यातल्या एका ऑफिसला आमच्या कंपनीने दोन मशीन दिली होती आणि एक तिथलं जुनंच होतं. एक भूसंपादनाच्या खोलीत, एक सर्वेक्षणाच्या खोलीत, एक आस्थापनेच्या. तिन्ही एकाच जाड केबलने जोडलेली. त्यावर अडचण अशी निघाली की कोणती गावं बुडणार याची यादी भूसंपादनाच्या मशीनवर तयार होणार होती, आणि केबल तर सगळ्यांची एकच. ती यादी भलत्या खोलीत कुणी वाचता कामा नये.

त्यावर आमच्या कंपनीतल्या एका सीनियरने उपाय काढला होता. केबलवरून जे काही जातं ते लहान लहान तुकड्यांत जातं. त्या तुकड्याला पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटच्या डोक्यावर एक आकडा लिहायचा: शून्य म्हणजे उघड, एक म्हणजे कार्यालयीन, दोन म्हणजे गोपनीय. हा शिक्का माणसाने नाही, मशीनच्या गाभ्यातल्या प्रोग्रामने मारायचा. त्या गाभ्यालाच कर्नल म्हणतात. डिस्क, पडदा, केबल, सगळं त्याच्या ताब्यात. बाकीच्या प्रोग्रामांनी त्याला मागायचं आणि त्याने द्यायचं. पॅकेट आलं की कर्नलने आकडा बघायचा आणि ज्याला तेवढा अधिकार नाही त्याच्या हाती ते द्यायचंच नाही. आत काय लिहिलंय ते कर्नल वाचत नाही.

हे काम अर्धं करून तो सीनियर बंगलोरला निघून गेला. मागे एक टेप आणि एक वही ठेवून गेला. वहीत बाण, चौकोन आणि पानापानावर प्रश्नचिन्हं. कंपनीने मला म्हटलं, तू त्याच भागातली आहेस, जा आणि पुरं कर.

पहिले दोन महिने मला काहीही समजत नव्हतं. एक ओळ बदलली की मशीन चालूच होत नसे. चालू झालं की भलतंच बंद पडे. एकदा सर्वेक्षणातले ड्राफ्ट्समन आणि आस्थापनेतल्या बाई यांचं दारातच भांडण जुंपलं.

"मी सकाळीच पाठवलं," ड्राफ्ट्समन म्हणत होते.

"माझ्याकडे नाही आलं. तुम्ही पाठवलंच नाही."

"माझ्या मशीनवर गेलं म्हणून लिहून आलं ना!"

दोघंही खरं बोलत होते. आस्थापनेच्या मशीनला अधिकार कमी, म्हणून माझ्या कर्नलने पॅकेट मुकाट्याने फेकून दिलं होतं. फेकलं हे पाठवणाऱ्याला सांगायचं नाही, असाच नियम होता. सांगितलं तर तेवढ्यावरूनही कुणी काही ताडेल. मी दोघांच्या मध्ये उभी राहून म्हणाले, "दोघांचंही बरोबर आहे." त्यावर ते दोघं एक झाले आणि माझ्यावर चिडले.

आमचं गाव पवनीच्या पुढे, नदीच्या अंगाला. मी शनिवारी संध्याकाळच्या एस.टी.ने पवनीला उतरायची, तिथे वडील सायकल घेऊन आलेले असायचे. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून घरात शिकण्याचं महत्त्व होतं, पण पोट शेतीवरच. नदीकडे धानाच्या बांध्या होत्या आणि गावाच्या वरच्या अंगाला मिरचीचा एक तुकडा. त्या तुकड्यात विहीर खोदायचं वडिलांच्या मनात कित्येक वर्षांपासून होतं. पण धरणाची बोलणी सुरू झाल्यापासून गावात कुणी नवं काही करत नव्हतं. भिंत बांधायची तर लोक म्हणायचे, बुडनच त कायले बांधता. सोयरीक करायला आलेले पाहुणेसुद्धा आधी विचारायचे, गाव राहते का जाते?

त्या वर्षी मात्र वडिलांनी ठरवलं. "बुडन तवा बुडन," ते म्हणाले आणि चैत्रात खोदाई सुरू केली. चार माणसं लावली. पुरुषभर खोल गेले तेव्हा मऊ मुरूम लागला. मी गेले की ते मला काठावर नेऊन मातीचा रंग दाखवायचे.

त्याच सुमाराला ऑफिसात एक नवी भानगड उभी राहिली. लहान फाइल नीट जायची. मोठी फाइल सर्वेक्षणाकडून भूसंपादनाकडे येताना मध्येच अडकायची. कुठे अडकते ते बघायला मी कर्नलमध्ये अशी सोय केली की प्रत्येक आलेलं पॅकेट पडद्यावर उलगडून दिसावं. डावीकडे नुसते आकडे, उजवीकडे त्यातून निघणारी अक्षरं. अक्षरं वाचायचं माझं काम नव्हतं. मी शिक्क्याची जागा बघत होते. शिक्का दोन होता. गोपनीय.

आणि उजवीकडे, इंग्रजी लिपीत, आमच्या गावाचं नाव होतं.

वर आणि खाली आणखी गावांची नावं होती, सगळी ओळखीची. प्रत्येक नावापुढे एक आकडा. आमच्यापुढे आकडा होता आणि त्यात दशांश चिन्ह होतं. मी तो तीनतीनदा वाचला. घरं असतील? पण घरांना दशांश नसतो. मग हेक्टर? आमच्या गावाची जमीन एवढी आहे का? मला गावाचं क्षेत्रफळच माहीत नव्हतं. फाइलचा पहिला तुकडा, ज्यात वर मथळा असेल, तो केव्हाच सरकून गेला होता आणि पुढचे अडकले होते. माझ्या हाती मधलाच आला होता. नाव, आकडा आणि डोक्यावर दोन.

मी पडदा बंद केला. मग वाटलं, बंद केला म्हणजे वाचलं असं कबूल केल्यासारखं झालं, म्हणून परत सुरू केला. तोवर दुसरी पॅकेटं आली होती.

संगणक खोली ज्यांच्या ताब्यात होती ते आमचे साहेब उपअभियंता होते. पांढरा बुशशर्ट, कमी बोलणारे. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "सापडलं काही?"

"अजून नाही, सर."

"पॅकेट उघडून बघताय म्हणे?"

"फक्त डोकं बघते, सर. आतलं नाही."

ते म्हणाले, "तेच बरं." मी खोटं बोलले होते, आणि कशासाठी ते मला कळत नव्हतं. मी वाचलं हे लपवण्यासाठी, की मला काय समजलं ते मलाच माहीत नव्हतं म्हणून?

त्या शनिवारी मी गावी जायचं टाळलं. पुढच्या शनिवारी गेले. रविवारी सकाळी वडील मला विहिरीवर घेऊन गेले. आता खडक लागला होता. सुरुंग लावायला माणूस बोलवावा लागणार होता.

"सांगून ठेवला हाये मानूस," ते म्हणाले. "बुधवारी येते. पानी लागते आता, पाह्यजो."

मी मुरुमाचा एक खडा पायाने लोटला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "काहून, का झालं?"

"काही नाही."

"तुया ऑफिसात काही आयकलं का?"

"मले नाही मालूम, बाबा."

"तुले नाही मालूम त कोनाले मालूम असन?"

हे ते चिडून म्हणाले नाहीत. खरंच विचारत होते. काठावर बसलेल्या माणसांनी विड्या पेटवल्या होत्या आणि आमच्याकडे बघत नसल्यासारखं करत होते. मी खाली बघत म्हणाले, "सुरुंग नोका लावू सध्या. थोडं थांबा."

"म्हंजे नाव हाये?"

"मी तसं नाही म्हटलं. थांबा, एवढंच म्हनून राहिली."

माणसांना त्यांनी दुपारीच घरी पाठवलं. मला सोडायला सायकल हातात धरून पवनीपर्यंत चालत आले. एस.टी. सुटताना खिडकीशी येऊन म्हणाले, "तुयी नोकरी जाईन असं काही सांगू नोको मले." बस रिकाम्या शेतांतून जात होती आणि मी विचार करत होते की मी सांगितलं की नाही सांगितलं. यादी मी कुणाला दिली नव्हती. नाव घेतलं नव्हतं. तरी त्यांना कळायचं ते कळलंच होतं.

गावाने काय बघितलं तर विहीर थांबली. ज्याची पोरगी धरणाच्या ऑफिसात, त्याने खडकापर्यंत आलेली विहीर थांबवली. कुणाला काही सांगायची गरजच पडली नाही.

आमच्या समोर एक काका राहायचे, नात्यातले नाहीत पण लहानपणापासूनचे काका. दर वर्षी पावसाआधी ते छपरावर चढून कवेलू फेरायचे. फुटके काढून नवे बसवायचे. त्या वर्षी त्यांनी नवे कवेलू आणून अंगणात रचून ठेवले होते. ते तसेच राहिले. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "पाहू." आषाढात तीन दिवस सतत पाऊस लागला. छपरातून पाणी भिंतीत मुरलं आणि मागची मातीची भिंत बसली. कुणी खाली सापडलं नाही, पण बियाण्यासाठी ठेवलेल्या धानाची ढोली त्या भिंतीशीच होती. सगळं बियाणं भिजून फुगलं. वडिलांनी आपल्यातलं अर्धं दिलं. आईने मला हे सांगितलं तेव्हा ती नुसती घडलेली गोष्ट सांगत होती. मी मात्र जेवता जेवता थांबले.

ऑफिसातली मोठ्या फाइलची अडचण श्रावणात सुटली. अडचण साधीच निघाली. शिक्का लिहायला पॅकेटच्या डोक्यावर थोडी जागा लागते. तेवढ्याने पूर्ण भरलेलं पॅकेट ठरल्या मापाहून मोठं व्हायचं आणि पुढे सरकायचंच नाही. पण ते शोधताना मी पॅकेट दोन ठिकाणी उलगडून बघितलं: केबलवरून आत येताच एकदा, आणि कर्नलमधून पुढे जाताना एकदा. दोन्ही कागदांवर छापून शेजारी शेजारी ठेवले.

पुढे जाताना शिक्का दोन होता. आत येताना शिक्का नव्हताच.

मी कागद उलटसुलट करून बघत राहिले. मग आठवलं. सर्वेक्षणाचं मशीन जुनं, दुसऱ्या बनावटीचं. त्याच्या कर्नलला हात लावायची सोय नव्हती. त्याच्याकडून येणाऱ्या पॅकेटवर शिक्का असणारच नव्हता. बिनशिक्क्याच्या पॅकेटचं काय करायचं? सीनियरच्या वहीत तिथे दोन प्रश्नचिन्हं होती. थंडीच्या दिवसांत मी साहेबांना विचारलं होतं, आणि ते म्हणाले होते, "शंका असेल तर गोपनीयच समजा." तशी एक ओळ मी माझ्या हाताने लिहिली होती. सर्वेक्षणाकडून जे काही येईल, जेवणाच्या सुट्टीची नोटीस का असेना, त्यावर माझाच कर्नल दोनचा शिक्का मारत होता.

तो आकडा बघून मी घाबरले होते, आणि तो आकडा माझाच होता.

मी उठून सर्वेक्षणाच्या खोलीत गेले. ड्राफ्ट्समन कागदावर झुकले होते. ते पवनीकडचेच, भेटले की जयभीम घालायचे. मी विचारलं, "चैत्रात तुम्ही भूसंपादनाला एक मोठी फाइल पाठवली होती. गावांची नावं आणि पुढे आकडे. ती कसली होती?"

"चैत्रात? ती पावसाची." त्यांनी वरही बघितलं नाही. "कोण्या गावी किती मिलिमीटर पडला त्याची. तुमच्याही गावच्या शाळेत पाऊस मोजायचं यंत्र बसवलं ना दोन वर्षांपूर्वी. तुम्हाले माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं. तेव्हा मी नागपूरला होते.

मी तिथल्या स्टुलावर बसले. त्यांनी पाणी दिलं आणि विचारलं, तब्येत बरी नाही का. मी म्हटलं, बरी आहे. मला हसू यायला हवं होतं, पण येत नव्हतं. आमचं गाव यादीत नव्हतं असंही आता म्हणता येत नव्हतं. खरी यादी मी पाहिलीच नव्हती. जे माझ्या डोक्यात चार महिने ठाम होतं ते फक्त पुसलं गेलं, आणि त्या जागी काही आलं नाही.

मी साहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. वाचलं होतं ते, खोटं बोलले ते, विहीर, काकांची भिंत. ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत ऐकत होते.

"म्हणजे यादी फुटली नाही," ते शेवटी म्हणाले.

"नाही, सर."

"पण ती खरी यादी असती तर तुम्ही फोडली असती."

"हो, सर."

"तुम्ही गुन्हा केला की नाही हे मलाच समजत नाहीये." त्यांनी पेपरवेट कागदांवर ठेवला. "लेखी काय घेऊ मी तुमच्याकडून? पावसाचे आकडे घरी सांगितले असं?"

मी विचारलं, "ती ओळ बदलू का, सर? बिनशिक्क्याचं पॅकेट उघड समजू?"

"आणि उद्या तिकडून खरंच काही आलं तर?"

ओळ तशीच राहिली. लेखी त्यांनी काही घेतलं नाही. मात्र त्यानंतर पॅकेट उलगडून बघायचं असेल तेव्हा ते स्वतः शेजारी खुर्ची घेऊन बसायचे.

त्या शनिवारी वडिलांना सांगणं सगळ्यात अवघड गेलं. पडवीत ते दोर वळत बसले होते.

"ते गोपनीय नव्हतं, बाबा. पावसाचा हिशेब होता."

"मंग तू काहून थांबवलं?"

"त्याच्यावर गोपनीय असा शिक्का होता."

"कोनं मारला होता?"

"मीच. म्हंजे माझ्या प्रोग्रामनं."

दोर वळायचा थांबला. "तूच शिक्का मारला, अन् तूच भेली?"

"हो."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागावतील असं वाटलं होतं. रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "मंग गाव बुडते का नाही बुडत?"

"ते मले खरंच नाही मालूम."

"असं पयलेच सांगतलं असतं त झालं असतं." आणि परत दोर वळायला लागले. मी पहिल्यांदा नेमकं हेच सांगितलं होतं, असं माझ्या तोंडावर आलं होतं. मी दोराचं मोकळं टोक धरून दिलं.

काकांकडे मी एकटीच गेले. त्यांनी मागची भिंत तट्टे लावून झाकली होती. मी शिक्का-पॅकेट काही सांगितलं नाही; एवढंच म्हटलं की माझ्या चुकीनं बाबांनी विहीर थांबवली आणि ते बघून तुम्ही कवेलू फेरले नाही.

काका म्हणाले, "तू मले काही सांगतलं होतं का?"

"नाही."

"तुया बापानं सांगतलं?"

"नाही."

"मंग? म्या माह्या डोयानं पाह्यलं अन् माह्या मनानं ठरवलं. यात तू कुठून आली?" मग म्हणाले, "पन पुढच्या खेपेले तुया बाप काही थांबवन त मी नाही थांबनार, हे सांगून ठेवतो."

त्यांनी मला माफ केलं की दूर सारलं ते मला तेव्हाही उमगलं नाही. ते चहा घेऊन जा म्हणाले आणि मी चहा घेतला.

पुढच्या उन्हाळ्यात सुरुंग लागला आणि पाणी लागलं. त्यानंतर काही महिन्यांनी दिल्लीहून नवी मशीन आली, त्यांचा कर्नल वेगळा होता आणि त्याला आमचा शिक्का समजत नव्हता. माझं काम टेपवर गेलं, टेप कपाटात गेली. कंपनीने मला नागपूरला परत बोलावलं.

खरी यादी मी इतर सगळ्यांसारखीच पाहिली, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, माणसांच्या खांद्यांमधून वाकून. आमच्या गावाचं नाव होतं. पुढच्या रकान्यात एकच शब्द होता: अंशतः.

"अंशतः म्हंजे?" वडिलांनी विचारलं.

"काही भाग."

"कोनता?"

ते लिहिलेलं नव्हतं. आजूबाजूचे लोक आता माझ्याकडेच बघत होते. मी म्हणाले, "तलाठ्याकडे नकाशा असेल." तलाठी पवनीला गेला होता, दोन दिवसांनी परत आला. त्याने टेबलावर नकाशा पसरला आणि लाल पेन्सिलीच्या रेघेवरून बोट फिरवलं. नदीकडच्या बांध्या रेघेच्या आत होत्या. मिरचीचा तुकडा आणि गावठाण बाहेर.

धानाची सगळी जमीन गेली होती आणि घर राहिलं होतं. ते ऐकून कसं तोंड करावं हे वडिलांना समजत नसावं. त्यांनी चष्मा पुसला, परत लावला आणि तलाठ्याला म्हणाले, "आनखी एकदा फिरव बोट. हळू."